घड्याळ काय म्हणतंय?

"एकोणसाठ राहिले."

डोळे मिटून स्वतःची नाडी मोजत बसलेल्या मुलीला मागून कुणी असं सांगितलं, तर तिने काय करावं? मी दचकले, मनगट सोडलं आणि उरलासुरला आकडाही विसरले.

जूनचा पहिला आठवडा होता. क्लोन्सिला स्टेशनच्या बाजूने कालवा जातो, त्याच्या काठावरच्या बाकावर मी बसले होते. पाऊस म्हणावा असा पाऊस नव्हता. छत्री उघडली तर लोक हसतील आणि नाही उघडली तर अर्ध्या तासात आतपर्यंत भिजाल, असा तो खास आयरिश पाऊस. संध्याकाळचे साडेसात वाजले होते आणि उजेड मात्र दुपारचा.

"तुम्ही अठ्ठावन्नवरून डायरेक्ट साठवर गेलात," तो म्हणाला.

मी वळून पाहिलं. उंच, सावळा, पाठीवर ही भलीमोठी सॅक आणि बूट गुडघ्यापर्यंत काळ्या चिखलाने माखलेले. शेतातून पळून आल्यासारखा.

"मी मोठ्याने मोजत होते?"

"मोठ्याने. मराठीत. मेनूथच्या गाडीतून उतरलो, तर इथे कुणी छप्पन्न-सत्तावन्न करून राहिलं. म्हटलं, लिलाव चाललाय की काय."

"माझी नाडी आहे. मी साठवरून नव्वदवर जाईन, नाहीतर घरी जाईन."

"जा ना. माझं काय जातंय," तो म्हणाला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला चक्क बसला. "पण एक ठोका कमी लागला, तर लॉस तुमचाच."

मला हसू आलं. सांगायची गोष्ट ही की, त्याआधीचे तीन आठवडे मला हसू आलं नव्हतं.

मी अश्लेषा. दहा वर्षांची असताना आई-बाबांबरोबर पुण्याहून इथे आले, क्लोन्सिलाजवळच्या ओंगारमध्ये वाढले, आणि त्या वर्षी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. आमच्या ओळखीतल्या प्रत्येक घरात एक तरी सॉफ्टवेअरवाला. तिथे मी नर्सिंग घेतलं तेव्हा गणपतीच्या आरतीला आलेले काका लोक बाबांना हळूच विचारायचे, मेडिसिनला नंबर नाही का लागला? बाबा हसून प्रसाद पुढे करायचे. मी मात्र भांडून घेतलं होतं नर्सिंग. मला माणसांच्या उशाशी उभं राहायला आवडायचं, एवढं साधं कारण होतं.

तिसऱ्या वर्षात ते आवडणंच गेलं. पावणेपाचला उठायचं, बस, ट्रेन, मग डार्टने, म्हणजे समुद्राकाठच्या लोकलने, थेट डून लेरीच्या पुढचं हॉस्पिटल. बारा तास उभं. परत येताना गाडीत असाइनमेंट. हात सॅनिटायझरने फुटले, इतके की लिंबू पिळता येईना. वॉर्डात बेडपॅन धुवायची एक खोली असते, तिथे नळ सोडला की रडणं ऐकू जात नाही, हा शोध मी एकटीने लावला नव्हता. तिथे कधी कधी रांग असायची.

आणि मग मे महिन्यातली प्रात्यक्षिक परीक्षा. समोर खोटा पेशंट, म्हणजे पेशंटचं सोंग घेतलेला माणूस, आणि शेजारी आमच्या परीक्षक, नोरीन. त्यांचाही हात पेशंटच्या दुसऱ्या मनगटावर. मी नाडी मोजली, आकडा सांगितला, शहात्तर. नोरीनच्या कपाळावर आठी आली. मी म्हटलं, नाही, अठ्ठ्याऐंशी. आठी तशीच. मग माझ्या तोंडून पुढचं काही फुटेचना. हातातला बीपीचा पट्टा हातात राहिला आणि वेळ संपला.

नापास. ऑगस्टच्या शेवटी एकच संधी होती, तीही गेली तर कॉलेज विसरा. घरी मी काही सांगितलं नव्हतं. नोरीनचा सविस्तर मेल आला होता, तो मी उघडलाच नव्हता. रोज "लायब्ररीत जाते गं" म्हणून निघायचे, क्लोन्सिलापर्यंत यायचे आणि गाड्या बघत बसायचे. गाडीत चढायला पाय उचलत नव्हते. नाडीसुद्धा स्वतःचीच मोजायचे. दुसऱ्या कुणाचं मनगट धरायचं म्हटलं की बोटं थंड पडायची.

हे सगळं मी त्या चिखलवाल्याला पहिल्याच दिवशी सांगितलं. का, ते विचारू नका. अनोळखी माणसाला सांगणं सोपं जातं, आणि तो मध्ये मध्ये "बरं", "मग" असं इतकं मनापासून म्हणायचा की थांबवत नव्हतं.

त्याचं नाव मकरंद. नागपूरचा. मेनूथला पीएचडी करत होता, इथल्या बॉगवर. बॉग म्हणजे हजारो वर्षं साचलेली काळी दलदल. त्यातून हा मातीच्या लांब कांड्या उपसायचा आणि कोणत्या शतकात किती पाऊस पडला ते सांगायचा. उद्या पाऊस पडेल का, हे मात्र त्याला कधीच सांगता आलं नाही. ओंगारमध्येच, आमच्या ओळखीतल्या सुमित्राकाकूंच्या घरी एका खोलीत भाड्याने राहायचा.

"मग हात कुणाचा घेता प्रॅक्टिसला?" त्याने विचारलं.

"कुणाचाच नाही."

त्याने बाही वर केली आणि मनगट माझ्यापुढे धरलं. "घ्या. नागपुरी माल आहे, मजबूत."

मी तीन बोटं ठेवली. अंगठा वापरायचा नसतो, त्याची स्वतःची धडधड असते. गळ्यातलं उलटं घड्याळ हातात घेतलं, ते नर्सचं, खाली बघितलं की सुलटं दिसणारं, आणि पूर्ण मिनिट मोजलं. कालव्यात एक बदक दोनदा बुडून वर आलं.

"एकशे चार," मी म्हटलं.

माझाच विश्वास बसेना. स्वस्थ बसलेल्या, धडधाकट माणसाची नाडी एकशे चार? त्याच्या दुसऱ्या मनगटावर ते नव्या पद्धतीचं घड्याळ होतं, ठोके मोजणारं.

"घड्याळ काय म्हणतंय?"

त्याने घड्याळाकडे पाहिलं. मग कालव्याकडे. "अठ्ठ्याहत्तर."

"बघ," मी म्हटलं, आणि 'बघा' म्हणायचंही भान राहिलं नाही. "मला साधं मोजतासुद्धा येत नाही."

त्याने बाही खाली ओढली. मग म्हणाला, "मंगळवारी परत येतो. तोपर्यंत हा हात दुसऱ्या कुणाला देत नाही."

तो मंगळवारी आला. मग गुरुवारी. मंगळवार-गुरुवार ठरूनच गेलं. मी एक निळी वही केली, पहिल्या दिवसापासूनची, डावीकडे माझा आकडा, उजवीकडे घड्याळाचा. माझा एकशे आठ, घड्याळ शहात्तर. माझा एकशे दोन, घड्याळ ऐंशी. रोज विचारायचे, घड्याळ काय म्हणतंय? रोज तो खाली बघून सांगायचा, आणि रोज मी चुकलेली असायचे.

तरी मी जात होते, हे लक्षात घ्या. चुकायलाच जायचे, असं नाही.

दुसऱ्याच आठवड्यात तो म्हणाला, "तुम्ही-तुम्ही पुरे ना आता. मला मी कुणी काका असल्यासारखं वाटून राहिलं."

"बरं. तू काय करून राहिलास मग आज?"

"नक्कल नको करू. जमत नाही तुला."

"मग शिकव."

"फी लागेल."

"रोज हात धरते, अजून किती फी?"

तो कानापर्यंत लाल झाला. सावळा माणूस लाल होतो हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. त्या दिवशी एकशे चौदा लागले.

एकदा त्याने खिशातून एक लहानशी डबी काढली. कैलास जीवन. "काकूंच्या प्रेसमधून ढापलं," तो म्हणाला. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि काकूही आता तसंच म्हणतात. माझ्या फुटलेल्या बोटांवर त्याने ते स्वतः लावलं नाही, मला डबी उघडून दिली आणि आपण दुसरीकडे बघत बसला. मला त्याचं ते दुसरीकडे बघणं फार आवडलं. सगळं आयुष्य कुणी ना कुणी माझ्या हातांकडे चुका शोधत बघत होतं. त्याने मला हवा तेवढा वेळ दिला.

बाकासमोरून रोज एक म्हातारेबुवा पांढऱ्या कुत्र्याला घेऊन जायचे. मी मकरंदचं मनगट धरून बसलेली, ओठ हलताहेत. तिसऱ्या-चौथ्या वेळी त्यांनी न थांबता विचारलं, अजून जिवंत आहे का गं तुझा पेशंट? मी म्हटलं, ग्रँड आहे. ह्या देशात ठणठणीत माणूसही ग्रँड असतो आणि शेवटच्या घटका मोजणाराही ग्रँडच असतो. म्हातारेबुवा खूश झाले आणि तेव्हापासून रोज विचारू लागले.

जुलै असा गेला. आज आठवलं की वाटतं, तो उजेड संपतच नसे. दहा वाजत आले तरी आभाळ फिकट निळं असायचं, आणि घरी जायला कारण सापडायचं नाही.

पण वहीतली उजवी बाजू काही डावीला मिळेना. ऑगस्ट लागला तसं मला पुन्हा हसू येईनासं झालं. परीक्षा सहा दिवसांवर आली त्या गुरुवारी मी एकविसाव्यांदा त्याची नाडी मोजली. एकशे दहा.

"घड्याळ काय म्हणतंय?"

"ऐंशी," तो म्हणाला. आवाज अगदी बारीक.

मी वही मिटली. "झालं. उद्या सकाळी मेल पाठवते. सोडते मी कॉलेज."

"काय?"

"लिहून तयार आहे, बघ." मी फोन पुढे केला. "एकवीस वेळा, मकरंद. एकदाही जवळपास नाही. उद्या खऱ्या पेशंटची नाडी मी अशी तीस ठोक्यांनी चुकले, तर? कुणाचा तरी जीव जाईल. काका लोक बरोबर होते. माझ्यात ते नाहीच."

त्याने तो मेल वाचला. पूर्ण वाचला, खाली माझं नाव होतं तिथपर्यंत. मग माझा फोन बाकावर ठेवला आणि स्वतःचा काढला.

"अश्लेषा... तू बरोबर मोजतेस."

"सांत्वन नको मला."

"सांत्वन नाही करून राहिलो. वही उघड."

मी उघडली नाही. त्यानेच उघडली आणि शेजारी फोन धरला. त्या घड्याळाचं सगळं त्याच्या फोनात साठत होतं, दिवसागणिक, तासागणिक. पहिला दिवस. दिवसभर सरळ चाललेली रेघ, सत्तरच्या आसपास, आणि साडेसातला एकदम उभी. एकशे तीन. माझ्या वहीत एकशे चार. पुढचा मंगळवार, एकशे आठ. वहीत एकशे आठ. तो एकेक दिवस सरकवत गेला आणि मी बोट ठेवून वहीत बघत गेले. एकवीसच्या एकवीस. कुठे एकाचा फरक, कुठे दोनाचा.

"म्हणजे घड्याळ..."

"घड्याळ खरंच सांगत होतं. खोटं मी बोललो."

"का?"

"पहिल्या दिवशी तू एकशे चार म्हणालीस. काय सांगायचं होतं मी? की हो, बरोबर आहे, तुम्ही हात धरलाय ना म्हणून? ओळख होऊन अर्धा तास झाला होता."

"आणि नंतर?"

"नंतर रोज ठरवायचो, आज सांगू. कॉफी सोडली. दहा मिनिटं आधी येऊन कालव्यावरच्या पुलाखाली श्वास मोजत बसायचो, की खरोखरच अठ्ठ्याहत्तरवर यावं आणि तुझं बरोबर यावं. तू समोरून यायचीस आणि..." तो थांबला. "सांगितलं असतं, तर तू हात धरणं सोडलं असतंस. मला ते नको होतं. मला तू आवडतेस, अश्लेषा. पहिल्या एकोणसाठपासून."

असं कुणी आपल्याला म्हणावं, याची स्वप्नं मीही पाहिली होती. त्या स्वप्नांत मी लाजायचे. प्रत्यक्षात मला इतका राग आला की डोळ्यांसमोर कालवा दिसेना. आणि त्याच रागाच्या पोटात, खोटं कशाला बोलू, आनंदाची एक उकळी फुटत होती. एकवीसच्या एकवीस.

"दहा आठवडे," मी म्हटलं. "दहा आठवडे मी स्वतःला ढ समजले. झोपले नाही. तू लाजत बसलास, मकरंद, आणि मी इथे बुडत होते."

"माहीत आहे."

"माहीत असतं, तर पहिल्या दिवशी बोलला असतास."

मी वही उचलली आणि निघाले. वाटेत म्हातारेबुवा भेटले. त्यांनी विचारलं, कसा आहे पेशंट? मी म्हटलं, जगेल. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि कुत्र्याला घेऊन मुकाट्याने पुढे गेले.

घरी येऊन मी आधी नोरीनचा मेल उघडला. तीन महिने न उघडलेला. चारच ओळी होत्या. तुझा पहिला आकडा अचूक होता. माझा चष्मा घसरत होता म्हणून मी कपाळ आवळलं होतं. तू पेशंट सोडून माझा चेहरा वाचलास. पुढच्या वेळी सापडेल ते सांग आणि त्यावर उभी राहा.

मी तो दोनदा वाचला. मग कॉलेजला लिहिलेला मेल काढून टाकला आणि स्वयंपाकघरात जाऊन आई-बाबांना सगळं सांगितलं. नापास झाल्यापासून लायब्ररीच्या थापांपर्यंत. मकरंदचं तेवढं गाळलं. आई पोळ्या लाटत होती. तिने पिठाचा हात पुसला आणि मनगट पुढे केलं. "माझी बघ." मी मोजली, बहात्तर. बाबा आतून बीपीचं मशीन घेऊन आले, आईच्या दंडाला पट्टा लावला आणि आकडा बघून म्हणाले, "एकाहत्तर. मशीन जुनं आहे." आईने पुन्हा लाटणं घेतलं, बाबांनी माझ्या ताटात स्वतःच्या हाताने वाढलं.

सहा दिवस मकरंदचा एकही मेसेज नाही. मीही केला नाही.

परीक्षेला खोट्या पेशंटच्या जागी एक जाडजूड बाई होत्या. मी मनगट धरलं. बोटं थंड होती, पण जागची हलली नाहीत. पूर्ण मिनिट मोजलं. "शहाण्णव," मी म्हटलं.

नोरीनने कपाळ आवळलं. "खात्री आहे?"

खरं सांगते, आकडा बदलायला जीभ वळायला लागली होती. मग मला त्या फोनातली उभी रेघ आठवली. "शहाण्णव," मी पुन्हा म्हटलं. "थोडी जास्त आहे. त्या नुकत्या जिना चढून आल्या असतील." बाई फिसकन हसल्या. लिफ्ट बंद होती. नोरीनने चष्मा वर सरकवला आणि कागदावर खूण केली.

संध्याकाळी क्लोन्सिलाला उतरले. वार बुधवार होता, आमचा नव्हे. तरी तो बाकावर बसला होता. बूट स्वच्छ, केस विंचरलेले, मुलगी बघायला आल्यासारखा.

"पास," मी लांबूनच म्हटलं.

त्याने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ते भरले होते. "मी रोज येऊन बसून राहिलो होतो," तो म्हणाला. "तू कधी येशील, माहीत नव्हतं. चुकलो मी, अश्लेषा. फार चुकलो."

"चुकलासच."

"हो."

मी शेजारी बसले. त्याने बाही वर केली. मग दुसरीही. दोन्ही मनगटं रिकामी होती.

"घड्याळ?"

"घरी ठेवलं. आता तू सांगशील ते."

मी तीन बोटं ठेवली. साठ सेकंद. मधे एक गाडी आली, माणसं उतरली, गाडी गेली.

"एकशे बारा," मी म्हटलं. "आणि कारण मला माहीत आहे."

"मग? उपाय आहे काही?"

"आहे. पण लांबलचक ट्रीटमेंट आहे. मंगळवार-गुरुवारने भागायचं नाही."

तो हसला नाही. त्याने माझा हात उलटा केला, स्वतःची तीन बोटं माझ्या मनगटावर ठेवली, अगदी बरोबर जागी, आणि हळू आवाजात मोजायला लागला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते, आणि त्याला ते समजत होतं. सत्त्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी, नव्वद...

"एकोणनव्वद राहिले," मी म्हटलं.

"पुन्हा मोजतो," तो म्हणाला आणि त्याने हात सोडला नाही.

ह्याला सात वर्षं झाली. आता मी त्याच हॉस्पिटलमध्ये आहे, आणि हाताखाली विद्यार्थिनी येतात. त्या कुणाची नाडी मोजत असल्या की मी मुद्दाम खिडकीबाहेर बघते. आकडा सांगितल्यावर त्या माझा चेहरा शोधतात, आणि मला माझा मे महिना आठवतो.

आम्ही डून लेरीला राहतो. बॉगची माती आमच्या दारातल्या पायपुसण्यावर कायम असते, त्यावरून कायम भांडण असतं. निळी वही माझ्या कपाटात आहे. परवा मकरंद चहा घेत बसला होता, बाहेर तो तसलाच पाऊस, आणि मला एकाएकी त्या बाकाची इतकी आठवण आली की मी जाऊन त्याचं मनगट धरलं. पूर्ण मिनिट. तो पेपर बाजूला ठेवून बसून राहिला.

"अडुसष्ट," मी म्हटलं. "संपलं म्हणायचं प्रेम."

"तेव्हा भीती होती ना, तू हात सोडशील म्हणून," तो म्हणाला. "आता नाही वाटत भीती." मग त्याने दुसऱ्या मनगटावरचं घड्याळ माझ्यापुढे केलं. "बघ ना. खात्री करून घे."

मी त्या घड्याळावर तळहात ठेवला.

"कशाला," मी म्हटलं. "मी मोजलेत."